बोल्डवर बोल्ड

पंपाच्या कारखान्यात तिला सगळे डबलमावशी म्हणत, अगदी तोंडावर. कुलूप लावलं की ती दोनदा ओढून बघे. पाकीट चिकटवण्याआधी पत्ता दोनदा वाचे. चहात साखर घातली का हे आठवलं नाही, तर पुन्हा घाले आणि तो पाक मुकाट्यानं पिऊन टाके.

काम मात्र चोख. प्रत्येक पंपासोबत जाणारी माहितीपुस्तिका तीच टाइप करायची, आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. टाइपरायटरवर शब्द ठळक करायचा तर गाडा मागे ओढून त्याच अक्षरांवर पुन्हा ठोकावं लागे. मेहनत दुप्पट, शाई दुप्पट, शब्द ठसठशीत. हे गणित तिच्या बोटांत बसलं होतं.

यंदा पंप नवा, पुस्तिका मोठी. एकशे बारा पानं. मावशीची सून एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावायची. तिनं रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून सासूची शिकवणी घेतली.

"आई, एकेक शब्द हातानं बोल्ड करत बसू नका. पॅराग्राफ स्टाइल म्हणजे अख्ख्या परिच्छेदाला चढवायचा सदरा. कॅरेक्टर स्टाइल फक्त त्यातल्या दोन-चार शब्दांपुरती. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं."

"आणि मी काय करायचं?"

"बसून बघायचं."

"बसून बघायला मी काय सासू आहे?"

"छे छे, कोण म्हणतं!" सून म्हणाली आणि पुढचं बटण दाखवलं.

दोन स्टाइल बनल्या. 'इशारा' ही पॅराग्राफ स्टाइल, धोक्याच्या सूचनांसाठी, सगळी बोल्ड. 'जोर' ही कॅरेक्टर स्टाइल, साध्या मजकुरातला एखादा शब्द बोल्ड करण्यासाठी. चार दिवसांत मावशीनं अख्खी पुस्तिका त्यात बसवली. अडतीस सूचनांना इशारा लावला. पण प्रत्येक सूचनेत 'वीज बंद करा' हे शब्द होते आणि ते बाकीच्यांइतकेच काळे दिसत होते. जीव वाचवणारे शब्द आणि त्यांना गर्दीत उभं करायचं? तिला ते पटेना. सुनेनं 'शोधा आणि बदला' शिकवलं होतंच. 'वीज बंद करा' जिथं असेल तिथं जोर लावायचा हुकूम तिनं सोडला. सुरुवातीची पानं बघितली. तिथं साधा मजकूर होता, शब्द छान बोल्ड झालेले. तिनं प्रूफ छापून घेतलं.

कारखान्यात रीत होती. उघडा पंप समोर ठेवून फिटरनं वाचल्याशिवाय पुस्तिका छापायला जायची नाही. वाचणारा फिटर ठरलेला, साडेनऊ. एका जुन्या पंपानं त्याचं अर्धं बोट नेलं होतं, तेव्हापासून हे नाव. एकच्या सुमारास तो हात पुसत वर्कबेंचवरून ओरडला,

"मावशी, वीजवाल्यांशी भांडण झालंय का तुमचं?"

"का हो?"

"सगळी सूचना खाऊनपिऊन सुखी. 'वीज बंद करा' तेवढं उपाशी."

मावशीनं खाली येऊन चष्मा पुसला. 'झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा व पंखा थांबू द्या.' आजूबाजूचे शब्द जाडजूड आणि मधले तीन किडकिडीत. अडतीसच्या अडतीस जागी. चार वाजता पुस्तिका कारखान्याच्या नेहमीच्या छापखान्यात मशीनवर चढणार, दोन हजार प्रती. त्या जिथं जाणार तिथं विचारायला कोणी नसणार. पंप, पुस्तिका आणि कुणाचा तरी हात.

गुडघ्यांना न विचारता ती जिना चढली. शब्दांवर पुन्हा जोर दिला. ढिम्म. सुनेला फोन लावला.

"जोर कशावर दिलात, आई?"

"इशाऱ्यावर."

"तो आधीच बोल्ड आहे ना?"

"आहे. म्हणून आणखी थोडा."

"अहो, बोल्ड पॅराग्राफ स्टाइलवर बोल्ड कॅरेक्टर स्टाइल चढवली की ती उलटते. सगळं वाक्य जाड असेल तर वेगळा शब्द बारीकच दिसणार, असं धरतं ते."

"दोन स्वेटर घातले तर थंडी वाजते का?"

"तिथं वाजते."

"मूर्ख आहे."

"तुम्ही म्हणालात वेगळं दाखव, त्यानं दाखवलं. इशाऱ्यांमधला जोर काढा. पण सगळीकडचा एकदम काढू नका, साध्या मजकुरातला बरोबर आहे. अडतीसच तर जागा आहेत."

मावशीनं पहिल्या सूचनेतला जोर काढला. वाक्य पुन्हा सारखं काळं झालं. चूक गेली, पण 'वीज बंद करा' परत गर्दीत. आता त्यांना आणखी जाड करायला जागाच उरली नव्हती. ती पान घेऊन खाली गेली.

"साडेनऊ, खरं सांगा. हे शब्द नजरेत भरतात का?"

"मावशी, आम्ही कसं वाचतो माहितीय का? एक डोळा पुस्तकावर, हात पंपावर. पहिले दोन शब्द वाचले की हात सुटला. इथं पहिलं काय लिहिलंय? झाकण. मी उघडलं."

"आणि वीज?"

"ती पुढं आहे. तोवर हात आत."

"इतक्या वर्षांत बोलला नाहीत!"

"तुम्ही विचारायचात, चूक आहे का. चूक नव्हती."

मावशीला झोंबलं. दोन वाजले होते. ती वर जाऊन खुर्चीत बसली आणि पहिली सूचना फोडली. 'वीज बंद करा. पंखा थांबू द्या. मग झाकण उघडा.' जोर काढायचा, वाक्य उलटवायचं, पुढच्या पानावर जायचं. विसाव्या सूचनेला मान आखडली. तिसाव्याला चहा आला, तो निवला.

पावणेचारला बदललेली पानं साडेनऊसमोर पडली. त्यानं पहिली ओळ वाचायला घेतली आणि ती संपायच्या आत त्याचा हात भिंतीवरच्या विजेच्या खटक्याकडे गेला. मावशी जिन्याकडे वळली.

चारला पाच कमी असताना फाइल गेली. लगेच सुनेचा फोन.

"आई, जोर काढलात?"

"काढला. वाक्यंही फिरवली."

"अडतीस? हातानं?"

"नाही, पायानं."

"अहो, स्टाइलनं झालं असतं की काहीतरी."

"तुझ्या स्टाइलला वाक्य फिरवता येतं?"

"ते नाही येत."

"मग ठेव फोन. छापखान्याचा यायचाय."