बेडकांचं शिळं पाणी

ठाकूरद्वारहून बाईंच्या बहिणीचा फोन आला, "लता, ताई गेली गं..." समोर बेडकीच्या अंड्यांच्या दोन पेशींच्या चार होत होत्या. ती टाकून कशी जाणार? बाईच ओरडल्या असत्या. हातातलं काम पुरं केलं, मग गेले. त्याला महिना झाला. उशिरा पोचल्याचं मला वाईट वाटत नाही. बाई नाहीत याचं वाटतं, रोज वाटतं.

डॉक्टर वैजयंतीबाई परळच्या आमच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या भ्रूणावर काम करायच्या. मी लालबागच्या चाळीतली, बारावी पास, बेडकांच्या टाक्या सांभाळायला तात्पुरती लागलेली. बाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं, "जनुकं सगळ्या पेशींत तीच. शेजारून कुठलं प्रथिन निरोप घेऊन येतं, त्यावर कुठली जागी व्हायची ते ठरतं." पाठीकडचा निरोप बाई पोटाकडच्या पेशीत टोचायच्या आणि पिल्लाला दुसरं डोकं फुटायचं. "आमच्या चाळीतपण शेजारीच ठरवतात," मी म्हटलं. बाई खळखळून हसल्या.

तिसऱ्या आठवड्यात मी घोळ घातला. कोपऱ्यातल्या पिंपात दोन दिवसांचं पाणी होतं. आमच्याकडे सकाळी नळ आला की शिळं पाणी ओतून द्यायचं, ही आईची शिस्त. मी ओतलं, पिंप घासून लख्ख केलं, ताजं भरलं. अंड्यांना घालायच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून ते मुद्दाम ठेवलं होतं, हे मला कुठे ठाऊक? दुसऱ्या दिवशी सगळी अंडी मेलेली... बाईंची महिनाभराची मेहनत गेली. विभागप्रमुख म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." घर माझ्याच पगारावर चालत होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, हिला काढलंत तर नवी येणारी पुन्हा तेच करील. ही आता जन्मात करणार नाही." मग मला म्हणाल्या, "रड नंतर. इकडे बस." स्वतःच्या खुर्चीवर बसवून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. "मेलेलं अंडं ओळखायला शीक. मग जिवंत कळेल."

शिकले. नोकरी पक्की झाली. आता संशोधन करणाऱ्या मुली मलाच विचारतात, "ताई, ही अंडी चालतील?" मी एका नजरेत सांगते, आणि चुकत नाही.

बाई बुटक्या, त्यांची खुर्ची अगदी खाली केलेली. मी उंच, आता दिवसभर तिच्यावर अवघडून बसते. परवा एक मुलगी म्हणाली, "ताई, वर करून देऊ?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. बाईंनी इथे बसवलं त्या दिवशीही मी अशीच अवघडून बसले होते.