उजव्या अंगठ्याची शाई

आमच्या वस्तीवर कुठलाही कागद आला की तो आधी माझ्या दारात येतो. रेशनचा असो, पीकविम्याचा असो, नाहीतर तलाठ्याची नोटीस असो. बायका पदर सावरत ओट्यावर टेकतात आणि कागद पुढे करतात, "बघ गं, कुठं सही करायची?" मी बी.ए. आहे. माहेर आणि सासर, दोन्ही घरांत मिळून पहिली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. तीन वर्षं मी भोरच्या कॉलेजला एस.टी.त उभी राहून गेले आहे.

माझं माहेर आंबवड्याच्या बाजूला. तिथल्या फाट्यापर्यंत मला रोज सोडायला आबा यायचे, माझे वडील. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. माझ्या कॉलेजच्या पहिल्या फॉर्मवर त्यांनी अंगठा उठवला, तेव्हा क्लार्कनं शाईचा पॅड जरा जोरातच पुढे ढकलला. त्याच महिन्यात मी त्यांना सही शिकवली, जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. शेवटचं अक्षर त्यांच्या हातून कायम रेघेखाली घसरायचं. अजून घसरतं. फाट्यावर उभे राहून ते ओळखीच्या-अनोळखी कुणालाही सांगायचे, "लेक कॉलेजात हाय माजी."

हे सगळं आधी सांगते, कारण पुढचं याच माणसानं केलं.

काही वर्षांपूर्वी, माझी मुलगी पाचवीत असताना, शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस द्यायचं निघालं. आमच्या विंझरच्या पुढच्या शाळेनंही घरोघर चिठ्ठ्या पाठवल्या. खाली दोन ओळी होत्या: लस देण्यास संमती आहे, संमती नाही. नको ती ओळ खोडायची आणि सही करायची. त्याच आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला. एक माणूस त्यात ओरडून सांगत होता, की या सुईनं पोरींना पुढं मुलं होत नाहीत. झालं. चिठ्ठ्या घेऊन बायका माझ्या ओट्यावर आल्या, पण या वेळी कुठं सही करायची हे विचारायला नाही.

"सरकारला येवढी घाई कशाची?" माझी चुलत जाऊ म्हणाली. तिला दोन मुली, दोघी त्याच शाळेत. "येरवी डाक्टर हुडकून सापडत न्हाई. आन् आता घरच्या घरी चिठ्ठ्या!"

प्रश्न खोटा नव्हता. मी तिला हसले नाही. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात जाऊन सिस्टरपुढे बसले आणि जावेचे प्रश्न, शिवाय माझे स्वतःचे, सगळे विचारून घेतले. ताप येतो का, किती दिवस राहतो, ज्याचं अंग आधीच गरम आहे त्याला देतात का, आणि पोरींचं काय. सिस्टर कंटाळल्या नाहीत. म्हणाल्या, रुबेला गरोदरपणी झाला तर पोटातल्या बाळाला इजा होते, म्हणून तर मुलींना ही लस हवीच. व्हिडिओ नेमकं उलटं सांगत होता.

मग मी घरोघर फिरले. दिवस भातकाढणीचे. दुपारच्या भाकरीला बायका बांधावर बसल्या की मी तिथं जायचे. जाऊ सगळं ऐकायची आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायची. शेवटी एकदा म्हणाली,

"तुझ्या पोरीला देणार?"

"आधी तिलाच. तुमच्या पोरींच्या आधी."

"बघ हां. तुझ्या तोंडाकडं बघून सही करती म्या. त्या सरकारच्या न्हाई."

आबा तेव्हा तिथंच होते. नवरा टेम्पोवर, सुगीतही त्याला भाडं सोडता येत नाही, म्हणून आबा दरवर्षी भाताच्या झोडणीला आठ-पंधरा दिवस आमच्याकडे येतात. बांधावर तंबाखू मळत ते म्हणाले, "आमची लेक सांगती म्हंजी वाचूनच सांगत आसंल. करा सह्या." ऐकून माझी मान ताठ झाली होती. ते मला विसरता येत नाही.

सगळ्या सह्या झाल्या. एकही घर राहिलं नाही.

लसीच्या दिवशीच नेमकी आमची झोडणी आली. खळ्यावर आठ माणसं. तरी मी शाळेत जाणारच होते. आबा म्हणाले, "तू मान्सांचं बघ. म्या पोरीला सोडतो आन् सुई हुईस्तोवर थांबतो. रडली बिडली तर?" मला बरंच वाटलं.

दुपारी दोघं परत आले. मुलीच्या अंगठ्याच्या नखावर काळी शाई. लस दिली की नखावर मार्करनं खूण करायचे, मतदानाला करतात तशी.

"दुखलं का गं?"

"नाही."

"कार्ड दिलं असेल ना?"

"बाईंकडे आहे."

ती माझ्याकडे न बघता आबांच्या मागं गेली. मला वाटलं, सुईला भ्यालीय.

पुढचे दोन दिवस मी वस्तीभर सांगत सुटले, माझ्या पोरीला साधी कणकणसुद्धा नाही. जावेच्या धाकटीला ताप भरला होता. जाऊ उंबऱ्यात बसून होती. मी त्या पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "एखाद्या दिवसाचा असतो. माझ्या पोरीला तर तेवढाही आला नाही." हे वाक्य मी बोलले आहे. माझ्या तोंडानं, तिच्या पोरीच्या कपाळावर हात ठेवून.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या पाण्याच्या टाकीवर होतो. माझी मुलगी कळशी धरून नळाखाली वाकली, आणि जाऊ म्हणाली,

"हिचा उजवा कसा गं?"

"काय उजवा?"

"अंगठा. आमच्या दोघींचा डावा हाय." तिनं धाकटीचा हात धरून दाखवला. मग टाकीवरच्या बाकीच्या पोरांना हाका मारल्या. मुलांचा डावा, मुलींचाही डावा. सगळ्यांचा डावा.

"सिस्टर चुकल्या असतील," मी म्हणाले.

"सगळ्या शाळंत तुझ्याच पोरीपाशी चुकली व्हय?"

कुणीतरी हसलं. मुलीनं अंगठा मुठीत लपवला. तेवढ्यावरून मला कळलं.

कळशी तिथंच ठेवून मी शाळेत गेले. वर्गाच्या बाईंनी फाइल काढली. माझी चिठ्ठी होती, माझ्या सहीची, 'संमती नाही' खोडलेली. तिच्यावर टाचणीनं दुसरा कागद लावलेला. बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं, लस देण्यास संमती नाही. खाली सही. शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलेलं.

"आजोबा म्हणाले, तुम्हीच पाठवलंय त्यांना," बाई म्हणाल्या. "मला वाटलं तुमचं मन बदललं. एक फोन करायला हवा होता तुम्हाला."

"हवा होता," मी म्हणाले.

आबा खळ्यावर दाभणानं पोती शिवत बसले होते. गिरणीत कुणाचं भात कुठलं ते कळावं म्हणून आमच्याकडे पोत्यांवर मार्करनं नाव घालतात. तो मार्कर त्यांच्या पैरणीच्या खिशात होता. सगळं विचारायचं सोडून माझ्या तोंडून पहिल्यांदा हेच निघालं, "उजव्यावर का लावलीत?"

"बाईमान्साचा उजवाच आस्तो की," ते म्हणाले. "तलाठ्याकडं, कोर्टात, कुठंबी. गड्याचा डावा." ते खरंच गोंधळले होते. अर्धं आयुष्य कागदांवर अंगठे उठवण्यात गेलेल्या माणसाला त्यात काही शंकाच नव्हती.

एरवी मी हसले असते.

"आणि लस का नाही दिलीत?"

"येकच पोर हाय तुला. काय झालं ग्येलं तर?"

"मग मी बायकांना सांगत होते तेव्हा का नाही बोललात? करा सह्या, तुम्हीच म्हणालात."

त्यांनी सुतळी ओढून गाठ मारली. मग अगदी शांतपणे, मला व्यवहार समजावून सांगावा तसं म्हणाले, "त्यांच्या पोरींना काय हुतंय का ते दिसू दे की आदी. सा म्हयन्यांनी आपल्या पोरीला दिली आस्ती. कुटं पळून चाललीय सुई?"

भीती मी समजू शकले असते. जावेलाही भीतीच वाटत होती, पण ती माझ्या तोंडावर भांडली. आबांनी दुसऱ्यांच्या पोरी पुढं घातल्या आणि आपली मागं ठेवली. पुढं घातल्या त्या माझ्या शब्दावर. ज्या शिक्षणाचं कौतुक त्यांनी फाट्यावर उभं राहून सगळ्या जगाला सांगितलं, त्याच्यावर त्यांचा स्वतःचा पैशाएवढा विश्वास नव्हता. दुसऱ्यांना पटवण्यापुरतं ते चांगलं होतं.

"मला खोटं पाडलंत तुम्ही, आबा."

"कुनाला कळलं आस्तं? त्यो अंगठा..."

मुलीला विचारलं तर म्हणाली, "आबा म्हणाले, आईला सांगायचं नाही." दहा वर्षांची पोर. तिच्यावर रागावणं सोपं होतं, म्हणून तिच्यावर रागावले.

लसीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांना पुढच्या आठवड्यात उपकेंद्रात लस होती. तोवर मी पुन्हा घरोघर गेले आणि जे झालं ते सांगितलं. जावेच्या दारात सगळ्यात शेवटी गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"म्हंजी आमच्या पोरींवर बघितलं आदी."

"हो."

"तुला ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

खडे वेचता वेचताच ती म्हणाली, "आमाला ठावं नसतं ते चालतं गं. आमी अडाणी. तू शिकल्याली हायेस. तुझ्या घरातलं तुला ठावं नव्हतं, ह्ये आमी कसं मानायचं?"

मी तिच्या दारातून परत आले.

उपकेंद्रात जायच्या आधी मी मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं, सिस्टरनी मला सांगितलं होतं तसं. ती म्हणाली, चल. जाऊ न बोलावता बरोबर आली. सुई टोचेपर्यंत वाकून बघत उभी राहिली आणि डाव्या नखावर खूण झाल्यावरच बाहेर गेली. काही दिवस मुलीचे दोन्ही अंगठे काळे होते. पोत्याची शाई सिस्टरच्या शाईपेक्षा जास्त टिकली.

आबा त्याच सकाळच्या एस.टी.नं झोडणी अर्धी टाकून गेले होते. पुढच्या वर्षी परत आले. आम्ही बोलतो. मुलगी आता भोरच्या कॉलेजात आहे. तिला फाट्यावर सोडायला कुणी लागत नाही.

कागद अजूनही माझ्याच दारात येतात. मी वाचते, समजावते. पण सही करायच्या आधी कुणीतरी विचारतंच, "तुझ्या घरात झाली का सही?" मग मी आत जाऊन माझा कागद आणते आणि दाखवते. कुरकुर करत नाही. त्यांचा हक्क आहे.

गेल्या वर्षी आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दवाखान्यात संमतीपत्र पुढं आलं. मी ते त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवलं. ते माझ्याकडे तोंड करून बसले होते. नीट दिसत नव्हतंच.

"मंग? करू का सही?"

"वाचून दाखवलं, आबा. आता तुमचं तुम्ही ठरवा."

नर्स थांबली होती. आबांनी पेन धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला. एरवी मी रेघेवर बोट ठेवते, म्हणजे त्यांना जागा कळते. त्या दिवशी ठेवलं नाही. त्यांनी हातानं कागद चाचपला आणि सही केली. सगळीच रेघेखाली गेली.