धबधब्यापाशी थांबलेला खेळ

परवा फोनवर तुमचं भांडण ऐकलं. थोरली म्हणत होती, बंदुकीच्या खेळातली गोष्ट एकटीनेच पुरी करावी, मधे कोणाची लुडबूड नको. धाकटा म्हणत होता, एकट्याने खेळण्यात काय मजा, समोर खरी माणसं हवीत. मग दोघांनी मलाच विचारलं, "आजी, बाबा आमच्याशी का खेळत नाही? त्याला येत नाही का?"

येतं. फार चांगलं येतं. फोनवर सांगताना माझा आवाज टिकला नसता, म्हणून लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही रोह्याला राहत होतो. तुमचे आजोबा धाटावच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी पेणहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला तेव्हा तुमचा बाबा आठवीत होता, आणि त्याचा धाकटा भाऊ, तुमचा काका, चौथीत. त्या खेळात दोन शिपाई होते, एक निळा, एक लाल. सुरुवातीलाच पडदा विचारायचा, एकटा खेळणार की दोघं? एकटा खेळला की बाबा पार शेवटपर्यंत पोचायचा. काकाला बरोबर घेतलं की धबधब्यापाशी अडकायचा. तिथे खडकांवर उड्या मारत वर चढायचं असे. एक जण भरभर चढला की चित्र वर सरके आणि मागे राहिलेला खाली पडून मरे.

"थांब ना रे दादा!"

"थांबलोच आहे, गोगलगायी."

"मेलो! तुझी एक लाइफ घेऊ?"

"घे, भिकारड्या."

आपल्या लाइफ, म्हणजे खेळातले जीव, संपल्या की दुसऱ्याच्या घेता येत. बाबाच्या सगळ्या अशाच संपायच्या, तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दोघांचाच खेळ लावी.

एका श्रावणात काकाचा ताप उतरेना. पेणला दाखवलं, तिथून मुंबईला न्यायचं ठरलं. गाडी दाराशी आली तेव्हा काका गादीवर पडून खेळत होता, आणि दोघे नेमके धबधब्यापाशी होते. त्याने खेळाच्या रिमोटचं बटण दाबून खेळ थांबवला. "दादा, बंद करू नको हां. आल्यावर इथूनच."

त्या खेळात काही साठवून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की सगळं पुसलं जाई, आणि आमच्याकडे वीज सारखी जायची. म्हणून आजोबांनी एक जुनी बॅटरी खेळाच्या डब्याला जोडून दिली. टीव्ही बंद, डब्यावरचा लाल दिवा मात्र चालू. मी कपडे न्यायला घरी आले, तेव्हा शेजारीण डोकावून म्हणाली, "काय गो बाय, डब्याला पन सलाइन लावलाव काय?" दवाखान्यात मी काकाला हे सांगितलं. खोकला येईपर्यंत हसला.

तो परत आला नाही.

आजोबा शिफ्टवरून आले की चपला काढायच्या आधी बॅटरी बघत. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, तरी दिवा चालूच. शेवटी एका दुपारी आजोबाच म्हणाले, "नवा लाव रे. एकट्याचा लाव."

बाबाने नाही म्हणून मान हलवली आणि टीव्ही लावला. निळा आणि लाल, दोघेही खडकावर उभे होते. त्याने काकाचा रिमोट माझ्यापुढे धरला.

"आई, तू धर."

"मला नाही रे जमायचं."

"मी एकटा वर गेलो तर तो मरेल."

मी धरला. आयुष्यात पहिल्यांदा. तो सांगत होता, "आता उडी. आता." माझा लाल शिपाई पडला. पुन्हा पडला. "माझी घे," तो म्हणाला. "हे बटण दाब. घे अजून." माझ्यापुढे एक खडकही तो चढला नाही. त्याच्या लाइफ मी एकेक करून संपवल्या, तो देत राहिला, आणि मग द्यायला काही उरलं नाही. तेव्हा त्याचा निळा शिपाईही पडला. पडदा काळा झाला.

आजोबा उठून आतल्या खोलीत गेले. बाबाने बॅटरीची वायर स्वतःच काढली, दोन्ही रिमोटना त्यांच्या वायरी नीट गुंडाळल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही, आई. तो पण इथेच पडायचा."

त्यानंतर त्याने कुठलाही रिमोट हातात धरलेला मी पाहिला नाही.