भाऊसोंचं आवतण

उंब्रजच्या भाऊसोंच्या भावकीत लग्न निघालं की छापील पत्रिका नुसती नावाला. खरं आवतण भाऊसोंचं. अठ्ठ्याहत्तरीचा हा माणूस फेटा बांधून दारात उभा राहायचा, हातावर अक्षता ठेवायचा आणि म्हणायचा, "यायला लागतंय." घरांची यादी कागदावर कधीच नव्हती, त्यांच्या डोक्यात होती.

आता दारात गेलं की चहा आलाच. नको म्हटलं तर घर रुसतं, आणि भाऊसोंनी जन्मात कुणाला रुसू दिलं नाही. पण दोन वर्षांमागं ते चालताना झोकांड्या खायला लागले. माळकरी माणूस, तरी लोकांना भलताच संशय! कराडच्या डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला चहा किती?"

"मोजतंय कोण, सायेब?"

डॉक्टर हसले नाहीत. या वयात एवढा चहा सोसत नाही, हात थरथरतात, तोल जातो. दोन कपांवर या, पण हळूहळू, असं त्यांनी बजावलं.

भाऊसो कसले हळूहळू येतात! दुसऱ्याच दिवसापासून दोन कप. पाय सावरले, पण डोकं जड झालं, काही सुचेना. नेमकं त्याच आठवड्यात नातवाच्या, शिवतेजच्या लग्नाचं आवतण होतं, आणि शालूबाईचं घर राहून गेलं. एकटी विधवा बाई, दाराकडं डोळे लावून बसली होती. नंतर एवढंच म्हणाली, "आमी काय मेलो व्हतो व्हय, भाऊसो?" ते त्यांच्या काळजात रुतलं.

यंदा राजनंदिनीचं लग्न, लाडक्या नातीचं. "आबा, दोनच कप हं," तिनं दटावलं. "व्हय गं," म्हणत भाऊसो निघाले आणि पहिल्याच दारात कप तोंडाला लावला. दर घरी अर्धाच; अर्धा कप म्हणजे काय मोजण्यासारखा चहा असतो होय? प्रत्येक घोटाला पुढची घरं झरझर आठवायची. संध्याकाळपर्यंत एकही घर चुकलं नाही. हात कापत होते, अक्षता सांडत होत्या, पण म्हातारा खुशीत होता.

शालूबाईचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिनं डोळे पुसत काठोकाठ कप आणला. "सगळा प्या. मागच्या बारीचा बी."

भाऊसो सगळा प्याले. पायरी उतरताना तोल गेला आणि खुबा मोडला.

ऑपरेशन झालं, पण भूल उतरली तरी माणूस भानावर येईना. लग्न काही थांबवता आलं नाही. चौथ्या दिवशी राजनंदिनी मांडवातून मुंडावळ्यांसकट थेट दवाखान्यात आली.

भाऊसोंना दिसली ती हिरव्या चुड्यातली कुणीतरी पोरगी, पायाशी वाकून रडणारी. कुठल्या घरची? हे घर राहिलं की काय? रिकामी मूठ त्यांनी तिच्या हातावर उघडली.

"रडू नगं, बाळ. तुमचं घर राहिलं व्हय? आमच्या राजनंदिनीचं लगीन हाय. यायला लागतंय."