भाच्याला नाही म्हणायचं नसतं

सामिसोनीच्या होडीत बसायचं तर आधी त्याचं प्रवचन ऐकावं लागे. पडलात तर सपाट पडा, सूर मारू नका. डोकं दोन्ही हातांनी झाका. वर आल्या आल्या समुद्राकडे बघा, होडीकडे नाही, कारण पहिल्या लाटेमागे दुसरी असतेच. आणि ओहोटीला तिथं जायचं नावही काढू नका. लाट माडाएवढी नि खाली पाणी गुडघाभर. किनाऱ्यापासून अर्ध्या तासावरच्या त्या प्रवाळाच्या खडकावर सर्फिंग करायला जगभरची माणसं आमच्या फिजीत येत, आणि सामिसोनी त्यांना धडधाकट परत आणी. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ती रेघ फक्त एमोसी पुसू शकत असे, बहिणीचा पोरगा. आमच्याकडे भाचा घरात शिरला की मामाचं काही मामाचं राहत नाही. डुक्कर आवडलं, नेलं. कोट आवडला, नेला. मामाच्या कपाळाला आठी पडली तर मामाचीच नाचक्की. सामिसोनी तर उलट मिरवायचा, "लुटलं बघा मला या दरोडेखोरानं!"

त्या दिवशी दक्षिणेकडून दांडग्या लाटा येत होत्या आणि पाणी उतरत होतं. एक गोरा पोरगा गयावया करत होता.

"उद्या ये," सामिसोनीनं झिडकारलं. "आज मेलास तर तुझ्या आईला मी काय सांगू?"

तेवढ्यात एमोसी फळी घेऊन होडीत चढून बसला.

"मामा, चल."

"पाणी बघितलंस का, गाढवा?"

"बघितलं. मी भाचाच आहे ना तुझा? की आजपासून नाही?"

किनाऱ्यावरच्या बायका खिदळल्या. सामिसोनीही हसला आणि त्यानं इंजिनाची दोरी ओढली. खरं सांगायचं तर त्यालाही पोराला त्या लाटेत बघायचं होतं.

पहिली लाट एमोसीनं अशी घेतली की मामा होडीत उभा राहून ओरडला. दुसरीनं त्याला डोक्यावर आपटलं. सामिसोनीनं होडी थेट फेसात घातली, पोराला वर ओढलं. मान मोडली होती, पोर गेलं होतं.

मग सामिसोनी व्हेलचा दात घेऊन मेव्हण्याच्या, म्हणजे एमोसीच्या बापाच्या घरी चटईवर बसला. माफी मागायची आमची हीच रीत. दात घेतला की विषय मिटला, पुन्हा कुणी काढायचा नाही. म्हातारे म्हणाले, "त्याचा काय दोष? भाच्याला नाही कोण म्हणेल?" मेव्हण्यानं, नेमानीनं, हात पुढे केले, तेव्हा मागून बहीण बोलली. ताराइविनी. आमच्यात बहीण भावाशी तोंडावर बोलत नाही. ती चटईशी बोलली.

"त्या गोऱ्याला नाही म्हणालास. तो गेला आपल्या आईकडे. माझ्या पोराला एकदा नाही म्हणाला असतास, तर काय झालं असतं? गाव हसलं असतं. हसू द्यायचं होतंस."

मग नेमानीनं दात घेतला, रीतीप्रमाणे टाळ्या वाजल्या, यांगोनाच्या मुळ्यांच्या पेयाची करवंटी फिरली.

आता दर रविवारी प्रार्थनेनंतर सामिसोनी बहिणीकडे जेवतो. तिनं एकदा तरी शिव्या घालाव्यात, ताट फेकावं, म्हणून त्याचा जीव तळमळतो. पण दात घेतलेला आहे. ती माशाचं डोकं त्याच्यासाठी राखून ठेवते, आणि धाकट्या लेकीला हळूच सांगते, "मामाला विचार, अजून वाढू का."