दारापर्यंत

सेल्वमअण्णा गेल्याची बातमी कळली तेव्हा त्यांना द्यायची शाल माझ्या गाडीत, मागच्या सीटवर पडून होती. ती तिथे का होती, हे आधी सांगायला हवं, कारण चूक माझी आहे.

आम्ही इथे बहरीनमध्ये एकाच ऑफिसात. माटुंग्यात वाढल्यामुळे अण्णांचं मराठी माझ्याइतकंच घरचं. मुहर्रकच्या साइटवर जाताना गाडीत ते प्राचीन तमिळ कवितांमधल्या भटक्या गायकांबद्दल बोलायचे. खांद्यावर वाद्य, मागे बायकामुलं, पोटात काही नाही, पायाखाली तापलेली वाट... आणि वाटेत राजाकडून तृप्त होऊन परतणारा गायक भेटला, की तो या उपाशी मंडळींना राजाच्या दाराचा रस्ता सांगायचा.

"आपण तर नोकरीसाठी एजंटच्या मागे फिरून आलो," मी एकदा म्हणालो.

"तू? तुला इथली जागा कोणी सांगितली रे, सावंत?"

त्यांनीच सांगितली होती. ते गायक निघाले की राजा उठून काही पावलं त्यांच्यासोबत चालायचा, हा त्यांचा आवडता भाग. स्वतःही तसेच वागायचे. हमद टाउनच्या त्यांच्या घरून कोणीही निघालं की लुंगीवरच खाली गाडीपर्यंत यायचे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात याच विषयावर त्यांचं भाषण ठेवलं. सेक्रेटरी मी. मुंबईहून आलेला ऑर्केस्ट्रा खोळंबला होता, म्हणून मी त्यांना 'आटपा' अशी चिठ्ठी पाठवली. भाषणातले गायक नुकतेच राजाच्या दाराशी पोचले होते. अण्णांनी चिठ्ठी वाचली. "राजेसाहेब आज कामात आहेत," म्हणाले. लोक हसले, मीही हसलो. भाषण तिथेच थांबवून ते एकटेच बाहेर पडले. मी दारापर्यंतही गेलो नाही. सत्काराची शाल द्यायची राहिली, ती दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरबरोबर पाठवली.

संध्याकाळी शाल परत आली, पाठोपाठ अण्णांचा फोन. "न भेटता पाठवलेलं दान आमचे गायक घेत नसत, बाबा. तू ये. हिला रसम करायला सांगतो."

"इंशाल्ला, या शुक्रवारी," मी म्हणालो. मला तो टोमणा वाटला होता. ते बोलावणं होतं, हे कळायला फार उशीर झाला. शुक्रवार येत राहिले, आणि एका सकाळी अण्णांचं हृदय थांबलं.

मीनाक्षीवहिनी आता कायमच्या गावी निघाल्यात. परवा भेटायला गेलो. शाल वर न्यायचा धीर झाला नाही. त्यांनी रसम वाढलं. जेवून निघालो, तर त्याही चपला घालून खाली आल्या. "ते असते तर आलेच असते," एवढंच म्हणाल्या.

मी गाडी उघडली. शाल घेतली, गाडी पुन्हा बंद केली आणि वहिनींबरोबर वर, त्यांच्या दारापर्यंत चालत गेलो. तिथे दोन्ही हातांनी शाल पुढे केली.

"वहिनी, त्या दिवशी अण्णांना मी असं सोडायला यायला हवं होतं. चुकलो मी. मला माफ करा."