अळीचा वाटा

बीटी कपाशीच्या पाकिटासोबत आणखी एक पाकीट मिळायचं. मोठ्यात साडेचारशे ग्रॅम बी, लहानात एकशेवीस. लहान पाकिटातलं साधं बी बांधाच्या कडेने लावा, ही त्यावरची सूचना इतक्या बारीक अक्षरात असायची की दुकानदारही ती वाचत नसे. बाभुळगावकडच्या बहुतेक गावांत या पाकिटाचा उपयोग ठरलेला होता. पेरलेलं बी जिथे उगवलं नाही, तिथे हे टोचायचं. याला आमच्याकडे खाडे भरणं म्हणतात. हाताशी उरलेलं बी खाड्यांत घालायचं ही जुनी रीत. बांधासाठीचं बी वावराच्या मध्ये गेलं, यात काही चुकलं असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं.

माझे मामा ते पाकीट सूचनेप्रमाणे लावत. गावच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते आणि घरची चार एकर शेती पाहत होते. छप्पन सालानंतर आजोबांनी घरातले देव काढले. त्या कोनाड्यात पुढे मामांची पुस्तकं आली. गावात आणि शेजारच्या तांड्यात मामांच्या शब्दाला वजन होतं. त्याचं कारण साधं होतं. जे माहीत नाही ते आपल्याला माहीत नाही असं ते सरळ सांगत.

मी तेव्हा यवतमाळच्या एका दैनिकात उपसंपादक होते. सुट्टीच्या दिवशी मामांकडे जात असे. अशाच एका रविवारी त्यांनी तांड्यातल्या लोकांना लहान पाकिटाचं काम समजावून सांगितलं, तेव्हा मी तिथे होते. तांड्यातल्या लोकांचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरत. आता सगळे कपाशी लावत होते. तांड्याचा नाईक मामांच्याच वयाचा, बोलायला तिखट.

"जमिनीत एक जंतू राह्यते," मामा म्हणाले. "तुमच्या वावरातबी असन. तो एक पदार्थ बनवते. अळीनं खाल्ला का तिच्या आतड्याले भोकं पडते. तो पदार्थ कसा बनवाचा याची कृती त्या जंतूच्या आंगात लिहेल हाय. शास्त्रज्ञायनं तेवढी कृती काढली अन् कपाशीत टाकली. आता कपाशीचं पान न् पान तो पदार्थ बनवते."

"मंग बांधावर बिनजहराची कायले लावाची?" नाईक म्हणाला. "अळीले पाहुणचार?"

"पाहुणचारच. लाखात एखादी अळी अशी निंघते का तिले हे जहर चढत नाई. सारं वावर जहरी असलं तं तेवढीच वाचते. तिले जोडीदार भेटन तोबी वाचलेलाच. त्यायची लेकरं कशी निपजतीन?"

"मायबापासारखी. आमच्या पोट्ट्यायसारखी, कोनालेच न आयकनारी."

लोक हसले. मामाही हसले. "म्हनून बांधावर साध्या अळ्या पोसाच्या. वाचलेलीची सोयरीक साध्याशी झाली का लेकरं जहरानं मरते."

"म्हंजे गुरुजी, अळ्यायच्या लग्नापाई आमी पाच तासं सोडाची!"

"खळ्यावरून कोनाले रिकाम्या हातानं धाडता का? नाई न? मंग हा अळीचा वाटा समजा."

आश्रय, शरण, परिसर असे पाठ्यपुस्तकातले शब्द मामांनी आधी वापरून पाहिले होते. त्यांनी काही झालं नव्हतं. वाटा हा शब्द लोकांना पटला. त्या हंगामापासून तांड्याने कपाशीच्या चारही बाजूंनी पाच तासं, म्हणजे पाच ओळी, लहान पाकिटाची लावली. अळी ती तासं खाणार आणि तेवढा कापूस जाणार, हे मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्याच दिवशी नाईकाने विचारलं होतं, की अळी बदलायला किती काळ लागेल? उत्तर द्यायला मामा आम्हाला त्यांच्या विहिरीवर घेऊन गेले. विहीर खोदली तेव्हा काळ्या दगडाचे दोन थर लागले होते आणि त्यांच्या मध्ये पांढुरक्या मातीचा हातभर पट्टा. त्या पट्ट्यात गोगलगायींचे शंख होते. मामांनी एक काढून नाईकाच्या तळहातावर ठेवला. खालचा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यांनी सांगितलं. तो थांबला. वर तळं झालं, तळ्यात गोगलगायी आल्या, कितीतरी पिढ्या जगल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि तळं दबलं. आपली काळी माती म्हणजे त्याच दगडाचा भुगा.

"जीव बदलाले असा वेळ लागते," मामा म्हणाले. "घाई नाई."

हे उत्तर चुकीचं होतं. शेंदरी बोंडअळीच्या एका हंगामात चार-पाच पिढ्या होतात. दगडाच्या मापाने किड्याचं माप काढता येत नाही. हे मामांना नंतर कळलं, आणि त्यांनी ते तांड्यात जाऊन सांगितलंही.

पुढची काही वर्षं पीक चांगलं आलं. एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. बांधावरच्या झाडांवरही अळी दिसत नव्हती. नाईक चिडवायचा, "गुरुजी, जेवन वाढून ठेवलं, पाहुना येतच नाई. तुमी पत्रिका धाडल्या का नाई?" मामा म्हणत, अळीच कमी झाली असेल.

मग एका हंगामात कपाशीवर डोमकळ्या दिसू लागल्या. फूल उमलत नाही, पाकळ्या गाठ मारल्यासारख्या मिटून राहतात आणि आत अळी असते. बोंडं वरून हिरवी होती. फोडली की आत कवडी, म्हणजे किडलेला, डागाळलेला कापूस. आमच्या जिल्ह्यात तो हंगाम कसा गेला हे सगळ्यांना माहीत आहे. इथे ते पुन्हा सांगत नाही.

त्या काळात एका बियाणे कंपनीचं पत्रक आमच्या कार्यालयात आलं. शेतकऱ्यांनी लहान पाकीट न लावल्यामुळे अळीत प्रतिकारशक्ती आली, असं त्यात लिहिलं होतं. बातमी मीच केली. शेवटच्या ओळीत 'असे कंपनीने स्पष्ट केले' असं लिहिलं. पत्रकाला ते क्रियापद लावायची आमच्याकडे सवय होती.

मामांनी बातमी वाचून फोन केला. रागावले नव्हते. "आमी तं लावलं होतं," एवढंच म्हणाले. त्यांचा एक जुना विद्यार्थी बियाणे तपासणीचं काम करायचा. त्याच्याकडून त्यांनी कागदी पट्ट्या मागवल्या. पान नळीत चुरडायचं, द्रावण घालायचं, पट्टी बुडवायची. एक रेघ उमटली तर पानात तो पदार्थ नाही. दोन उमटल्या तर आहे.

पट्ट्या बुडवल्या तेव्हा मी आणि नाईक दोघेही हजर होतो. पहिलं पान वावराच्या मधलं. दोन रेघा. पुढची पानं मामांच्या आणि नाईकाच्या बांधावरची, लहान पाकिटाच्या झाडांची. प्रत्येक पट्टीवर दोन रेघा आल्या. म्हणजे लहान पाकिटात साधं बी नव्हतंच. तेच जहरी बी पुन्हा भरलं होतं. साधी अळी त्या बांधावर कधी जगूच शकली नसती.

नाईकाने पट्ट्या एकेक करून उचलून पाहिल्या. "अळीचाबी वाटा खाल्ला बाप्पा त्यायनं," तो म्हणाला. मग मामांकडे वळला. "गुरुजी, लोक मले विचारतीन. तुमी सांगतलं म्हनून आमी केलं. हे पेपरात आलं पाह्यजे. तुमचा शब्द खरा होता, बी खोटं होतं, असं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

बातमी मी त्याच दिवशी लिहिली. पट्ट्यांची संख्या, पानं कुठून घेतली, कोण हजर होतं, सगळं दिलं. वरिष्ठांनी ती वाचली. पट्टी म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नाही, पाकिटं सीलबंद नव्हती, एकाच गावातली झाडं, असे त्यांचे मुद्दे होते. मुद्दे बरोबर होते. पत्रकाच्या वेळी यातला एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीही नाही. बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. लहान पाकिटातील बी सदोष असल्याचा दावा एका निवृत्त शिक्षकाने केला आहे, असं तिच्यात होतं. माझ्या हजेरीचा उल्लेख काढला होता. छपाईला जाण्याआधी मी ते पान पाहिलं आणि सही केली.

पुढच्या रविवारी मी मामांकडे गेले. नाईक आधीच येऊन बसला होता, अंक त्याच्या मांडीवर होता.

"गुरुजी, पेपर म्हनते तुमचा दावा हाय. दावा तं कोर्टात असते. कोनावर लावला?"

तो चिडवत नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. मी प्रयोगशाळा, सील, नमुने असं सांगू लागले.

"आमी दरसाल पाच तासं सोडली तवा कोनी प्रयोगशाळा मांगतली नाई, बाई," नाईक म्हणाला. "गुरुजीनं सांगतलं, सोडली. आता तांड्यात म्हनून राह्यले, गुरुजीले कंपनीचं कमिशन होतं."

तो उठला. मामांनी त्याला बस म्हटलं नाही. तो गेल्यावर मामांनी मला विचारलं, "तुह्यासमोरच बुडवल्या होत्या न पट्ट्या?"

"हो."

"दोन रेघा होत्या?"

"हो."

"मंग हा दावा माह्या एकट्याचा कसा झाला?"

मामी चहा घेऊन आल्या. कप माझ्यापुढे सरकवत मामा म्हणाले, "घ्या तुम्ही." जन्मापासून ते मला अगंतुगंच करत आले होते. त्यानंतर ते माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. भेटलो की ख्यालीखुशाली विचारायचे, मुलीची चौकशी करायचे. 'तुम्ही' मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.